पाहुण्याचा उन्हाळा : जेराल्ड डरेल यांच्या कॉर्फूविषयक लेखनातील सुट्टी, स्मृती आणि मौन

प्रास्ताविक

भूमध्य समुद्रातील एखाद्या बेटावर घालवलेला उन्हाळा हा विसाव्या शतकातील इंग्रजी ललित गद्याचा एक आवडता विषय आहे. त्याचा साचा ठरलेला असतो. उत्तरेकडील ढगाळ हवेला कंटाळलेला माणूस दक्षिणेकडे निघतो. ऊन, ऑलिव्हची झाडे, स्वस्त भाड्याचे घर आणि दिलदार शेजारी त्याला लाभतात. काही काळाने तो मायदेशी परततो आणि गमावलेल्या सुखाचे पुस्तक लिहितो. वाचकही त्या पुस्तकाकडे सुट्टीचे वाचन म्हणूनच पाहतो, त्यामुळे अशा लेखनाची गंभीर चिकित्सा क्वचितच होते.

या परंपरेतील एक अत्यंत लोकप्रिय कृती म्हणजे जेराल्ड डरेल यांचे 'माय फॅमिली अँड अदर ॲनिमल्स' (१९५६). ग्रीसच्या कॉर्फू बेटावरील बालपणाची ही विनोदी आठवणपर कथा आहे. पुढे 'बर्ड्स, बीस्ट्स अँड रिलेटिव्ह्ज' (१९६९) आणि 'द गार्डन ऑफ द गॉड्स' (१९७८) या पुस्तकांनी तिची त्रयी पूर्ण केली. प्रस्तुत लेखात मुख्यतः पहिल्या पुस्तकाचा विचार केला आहे. या पुस्तकातील उन्हाळा कसा रचला गेला आहे, त्यासाठी काय वगळले गेले आहे आणि हे वगळणे वाङ्मयीनदृष्ट्या कितपत समर्थनीय ठरते, हे तीन प्रश्न येथे विचारात घेतले आहेत. लेखक आणि पात्र यांतील अंतर स्पष्ट राहावे म्हणून प्रौढ लेखकाचा निर्देश 'जेराल्ड' असा, तर पुस्तकातील दहा वर्षांच्या मुलाचा निर्देश 'जेरी' असा केला आहे.

पार्श्वभूमी : भारतातून कॉर्फूपर्यंत

डरेल कुटुंब १९३५ मध्ये कॉर्फूला आले. विधवा आई लुइसा, थोरला मुलगा लॉरेन्स, मधला लेस्ली, मुलगी मार्गारेट आणि धाकटा जेराल्ड असे हे कुटुंब होते. या कुटुंबाची मुळे ब्रिटिश हिंदुस्थानात होती. लॉरेन्स यांचा जन्म १९१२ मध्ये जालंधरला झाला आणि जेराल्ड यांचा १९२५ मध्ये जमशेदपूरला. वडील अभियंता होते. १९२८ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर कुटुंब इंग्लंडला गेले, परंतु तेथील हवा आणि समाज त्यांना मानवला नाही.

हा तपशील केवळ चरित्रात्मक नाही. नोकरचाकर, शिकवण्या, एका बंगल्यातून दुसऱ्या बंगल्यात होणारी स्थलांतरे आणि भोवतालच्या लोकांशी असलेले प्रेमळ पण असमान नाते, हा वसाहतीतील इंग्रज घरांचा परिचित संसार होता. कॉर्फूमध्ये या कुटुंबाने तो नव्याने मांडलेला दिसतो. कॉर्फूसह आयोनियन बेटे १८१५ ते १८६४ या काळात ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होती, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. म्हणजे ज्या बेटावर हे कुटुंब पाहुणे म्हणून उतरले, तेथे त्यांच्याच देशाने सुमारे अर्धशतक सत्ता गाजवली होती. पाहुणा आणि यजमान यांचे हे नाते पुस्तकाच्या पहिल्या पानाच्या कितीतरी आधीपासून सुरू झालेले होते.

उन्हाळ्याची रचना

'माय फॅमिली' ची सुरुवात इंग्लंडमधील एका ओल्या, थंड ऑगस्टमध्ये होते. घरातील प्रत्येकजण सर्दीपडशाने बेजार आहे आणि थोरला लॅरी या हवेतून पळून जाण्याचा आग्रह धरतो. लगेचच कुटुंब कॉर्फूच्या लख्ख उन्हात उतरते. विनोदी कथनासाठी ही सुरुवात अत्यंत परिणामकारक आहे. प्रत्यक्षात मात्र डरेल मंडळींनी इंग्लंड सोडले ते १९३५ च्या मार्च महिन्यात. ऑगस्टची योजना लेखकाची आहे. उन्हाळा असूनही उन्हाळा नसलेला देश आणि कधीच न संपणाऱ्या उन्हाळ्याचा देश असा विरोध उभा करण्यासाठी ऋतूच हलवण्यात आला आहे.

हे उदाहरण एकटे नाही. सुमारे चार वर्षांच्या वास्तव्यातील घटना येथे एकमेकींत मिसळल्या आहेत. मूळ क्रम राहिलेला नाही, हे जेराल्ड यांनी प्रारंभीच्या मनोगतात मोकळेपणाने मान्य केले आहे. पुस्तकाचे तीन भाग तीन बंगल्यांनुसार पडतात. गुलाबी, पिवळा आणि पांढरा असा प्रत्येक बंगल्याला स्वतःचा रंग आहे. तारखा जवळजवळ नाहीतच. वर्षे मोजण्याऐवजी वाचक बंगले मोजतो. हिवाळा येतो, पाऊस पडतो, शिकारीचे दिवस येतात, पण संपूर्ण पुस्तक वाचून मिटल्यावर मनात उरतो तो एकच प्रदीर्घ उन्हाळा.

याचा अर्थ असा की, 'उन्हाळा' हा येथे ऋतू नसून कथनरूप आहे. सुट्टीचे वैशिष्ट्य म्हणजे तिच्यात काळ पुढे सरकत नाही. कोणी मोठे होत नाही, कोणाचे काही कायमचे बिघडत नाही. आगपेटीतली विंचवीण पिल्लांसह जेवणाच्या टेबलावर मोकळी सुटते, आरडाओरडा होतो, आणि पुढच्या प्रकरणात सारे पूर्ववत असते. विनोदाला लागणारी ही सुरक्षितता कालहीनतेतूनच येते. लेखकाने कालक्रम मोडला तो निष्काळजीपणामुळे नव्हे. सुट्टीचा अनुभव देणारे दुसरे रूप त्याच्यापाशी नव्हते, म्हणून त्याने तो मोडला.

दोन भाऊ, दोन बेटे

रचनेचा हा विचार लॉरेन्स डरेल यांचे 'प्रॉस्पेरोज सेल' (१९४५) शेजारी ठेवल्यावर अधिक स्पष्ट होतो. बेट तेच, वर्षेही साधारण तीच. परंतु थोरल्या भावाच्या पुस्तकात आई आणि भावंडे जवळजवळ नाहीत. तेथे आहे ती कलामी गावातील समुद्रकाठच्या घरात राहणारी एक तरुण जोडी. लॉरेन्स यांच्या पत्नी नॅन्सी यांचा उल्लेख केवळ आद्याक्षराने येतो. धाकट्या भावाच्या पुस्तकात याच्या अगदी उलट घडते. तेथे लॅरी अविवाहित आहे, सतत आईच्या घरी आहे आणि नॅन्सी अस्तित्वातच नाहीत. वास्तविक लॉरेन्स यांचा विवाह कॉर्फूला येण्यापूर्वीच, १९३५ च्या जानेवारीत, झालेला होता.

एका बेटावर शेजारी राहिलेल्या दोन लेखकांनी एकमेकांना असे पुसून टाकावे, ही घटना केवळ गमतीची नाही. प्रत्येकाला आपले बेट निर्मळ हवे होते. लॉरेन्स यांना ते कवी, मित्र आणि पुराणकथांचे हवे होते, तर जेराल्ड यांना विक्षिप्त कुटुंब आणि प्राण्यांचे. गमावलेल्या जागेवर हक्क सांगायचा, तर तेथील इतर रहिवाशांना हलवावे लागते. स्मृती हे काम मुकाट्याने करते आणि साहित्य त्याला आकार देते.

तरीही एक भेद महत्त्वाचा आहे. लॉरेन्स १९४१ मध्ये जर्मन आक्रमणापुढे ग्रीसमधून क्रीटमार्गे इजिप्तला निसटले. 'प्रॉस्पेरोज सेल' हे त्या निर्वासनातील लेखन आहे आणि त्याचा उपसंहार अलेक्झांड्रियात लिहिलेला आहे. त्यामुळे त्या पुस्तकातील उन्हावर युद्धाची सावली शेवटी का होईना पडते. जेराल्ड यांच्या पुस्तकात ती पडत नाही. तेथे कुटुंब बेट सोडते, कारण जेरीचे शिक्षण नीट व्हायला हवे असे शिक्षक सांगतात आणि आईला ते पटते. प्रत्यक्षात आई आणि जेराल्ड यांनी कॉर्फू सोडले ते १९३९ च्या उन्हाळ्यात, युद्ध दाराशी आले असताना. युरोपचा विनाश एका शालेय अडचणीत रूपांतरित झाला आहे.

यजमानांची बाजू

या सुट्टीचे यजमान कोण आहेत? सर्वांत ठळक पात्र स्पिरो या टॅक्सीचालकाचे आहे. काही वर्षे अमेरिकेत राहून आलेला, मोडकीतोडकी इंग्रजी गर्जत बोलणारा स्पिरो या कुटुंबाला पहिल्याच दिवशी ताब्यात घेतो. न्हाणीघर असलेला बंगला तो शोधून देतो, जकात कचेरीतून सामान सोडवतो, बँकेत पैशांसाठी भांडतो, बाजारात घासाघीस करतो. नीट पाहिले तर स्पिरो नसता तर ही सुट्टी आठवडाभरही टिकली नसती. पुस्तकात त्याच्याविषयी अपार प्रेम आहे. परंतु त्याचे स्वतःचे घर, त्याची कमाई, या परक्या कुटुंबासाठी तो इतके का करतो, यांविषयी फारच थोडे आहे. त्याचे श्रम निष्ठेच्या नावाखाली येतात आणि निष्ठेचा हिशेब कोणी मागत नाही.

दुसरे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. सोनेरी-हिरवे भुंगे दोऱ्याला बांधून विकणारा एक मुका फेरीवाला जेरीला भेटतो. त्याच्याकडूनच जेरी आपले कासव घेतो. हे पात्र पुस्तकातील सर्वांत मनोवेधक चित्रांपैकी एक आहे. त्याची बासरी, त्याचे पोषाख, त्याचे हातवारे यांचे वर्णन विसरता येत नाही. पण त्याला नाव नाही. त्याच्या मालावरूनच तो ओळखला जातो. तो एखाद्या परीकथेतून यावा तसा येतो आणि तसाच जातो.

तिसरे उदाहरण कोस्टीचे. समोरच्या व्हिडो बेटावरील तुरुंगात शिक्षा भोगणारा हा कैदी सुट्टीच्या दिवशी घरी येतो आणि जेरीला एक मोठा समुद्रपक्षी देतो. आपण बायकोला मारले, हे तो सहजपणे सांगतो. घरात खळबळ उडते, आणि प्रसंग विनोदात विरघळतो. जेरीला कोस्टी आवडतो, कारण तो पक्षी देतो. दहा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने हे पूर्णतः खरे आहे. परंतु त्या मृत स्त्रीविषयी पुस्तकाला कुतूहल नाही, हेही तितकेच खरे आहे.

येथे निवेदनतंत्राचा मुख्य प्रश्न उपस्थित होतो. मुलाच्या नजरेला अज्ञान माफ असते. बेटावर कोणाचे राज्य आहे, शेतकऱ्याला ऑलिव्हचे काय मिळते, हे त्याने विचारावे अशी अपेक्षा कोणी करत नाही. परंतु पुस्तक लिहिणारे जेराल्ड तिशीचे होते. जेरीचे निष्पाप अज्ञान ही प्रौढ लेखकाने निवडलेली जागा आहे. जे सांगायचे नाही ते न सांगण्याची मुभा त्याला या निवडीने मिळते.

कीटकांपुढील प्रामाणिकपणा

मात्र एवढ्यावर थांबलो तर या पुस्तकावर अन्याय होईल. माणसांच्या बाबतीत सैल असणारे हे निवेदन प्राण्यांच्या बाबतीत कमालीचे काटेकोर आहे. शेवाळलेल्या बांधावर जेरीला नाण्याएवढ्या गोल खुणा दिसतात आणि तो चक्रावतो. शिक्षक त्याला डॉ. थिओडोर स्टेफानिडीस यांच्याकडे नेतात. ते त्या खुणा स्वतः पाहायला येतात, गुडघे टेकून बसतात आणि चाकूच्या टोकाने एक लहानसे झाकण उघडून दाखवतात. ते बिळाला दार करणाऱ्या कोळ्याचे घर असते. या प्रसंगात विनोद नाही, अतिशयोक्ती नाही. आहे ती केवळ पाहण्याची शिस्त.

स्टेफानिडीस ही या पुस्तकातील नैतिक केंद्रस्थानी असलेली व्यक्ती आहे, असे म्हणता येईल. मराठी वाचकाला त्यांच्याविषयी एक विशेष आपुलकी वाटावी असे कारणही आहे. या ग्रीक विद्वानाचा जन्म १८९६ मध्ये मुंबईत झाला. १९०७ मध्ये त्यांचे कुटुंब कॉर्फूला गेले. वैद्य, क्ष-किरणतज्ज्ञ, गोड्या पाण्यातील सूक्ष्मजीवांचे अभ्यासक, कवी आणि अनुवादक अशा अनेक नात्यांनी ते त्या बेटाशी बांधले गेले. पाहुणा आणि यजमान या दोन्ही भूमिका त्यांच्यात एकवटल्या होत्या. ते बाहेरून आले होते, पण बेट त्यांनी शिकून आपलेसे केले होते. जेरीशी ते बरोबरीच्या अभ्यासकाप्रमाणे बोलतात आणि त्याला खिशात मावणारा सूक्ष्मदर्शक पाठवतात. दोन्ही भावांच्या पुस्तकांत ज्यांना मानाचे स्थान आहे अशा मोजक्या व्यक्तींपैकी ते एक आहेत, ही गोष्टही बोलकी आहे.

पर्यटक आणि अभ्यासक यांच्यातील फरक या प्रसंगातून समजतो. पर्यटकाला दृश्य हवे असते. अभ्यासक झाकण उचलून आत कोण राहते ते पाहतो आणि झाकण पुन्हा जपून लावतो. 'माय फॅमिली' टिकून राहिले ते कौटुंबिक विनोदाइतकेच या दुसऱ्या प्रकारच्या नजरेमुळे. भिंतीवरची पाल आणि प्रार्थनाकीटक यांच्यातील झुंज लिहिताना लेखकाने जे लक्ष दिले आहे, तेच लक्ष त्याने स्पिरोच्या घराकडे दिले असते तर हे पुस्तक वेगळे झाले असते. कदाचित कमी हसवणारे, पण अधिक मोठे.

मौनाचा हिशेब

पुस्तकाने काय वगळले हे समजण्यासाठी बेटाचा इतिहास थोडा पाहावा लागतो. १९२३ मध्ये इटलीच्या नौदलाने कॉर्फूवर तोफा डागल्या होत्या. डरेल कुटुंब आले तेव्हा त्या घटनेला जेमतेम बारा वर्षे झाली होती. ४ ऑगस्ट १९३६ रोजी, म्हणजे त्यांच्या वास्तव्यातील एका उन्हाळ्यात, ग्रीसमध्ये मेटाक्सास यांची हुकूमशाही सुरू झाली. १९४१ मध्ये बेट इटलीच्या ताब्यात गेले. सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मन बॉम्बफेकीत जुन्या शहराचा मोठा भाग जळाला. जून १९४४ मध्ये बेटावरील सुमारे दोन हजार ज्यू रहिवाशांना पकडण्यात आले आणि त्यांतील बहुतेकांना ऑशविट्झला नेण्यात आले. जे परतले ते फारच थोडे.

१९५५-५६ मध्ये पुस्तक लिहिले आणि छापले जात असताना हे सर्व घडून गेलेले होते. त्याच वेळी आणखी एका भूमध्य बेटावर, सायप्रसमध्ये, ब्रिटिश सत्ता आणि ग्रीक सायप्रसवासी यांच्यात सशस्त्र संघर्ष चालू होता. लॉरेन्स तेथे वसाहतीच्या सरकारचे वृत्तविषयक अधिकारी होते. त्या अनुभवावरील त्यांचे 'बिटर लेमन्स' १९५७ मध्ये प्रकाशित झाले. त्यात घर विकत घेण्याची गंमत आहे, गावकऱ्यांची मैत्री आहे, पण हळूहळू त्या मैत्रीत संशय शिरतो आणि पाहुण्याला शेवटी निरोप न घेता निघावे लागते. दोन भावांची ही दोन पुस्तके एका वर्षाच्या अंतराने आली. एकात बेट सुट्टी देते, दुसऱ्यात ते जाब विचारते.

इंग्रज वाचकाने या दोहोंपैकी पहिले अधिक जवळ केले, यात नवल नाही. इंग्लंडमधील शिधावाटप १९५४ मध्ये नुकतेच संपले होते. त्या करड्या वर्षांत ऊन, कलिंगडे आणि निर्धास्तपणा यांचे हे पुस्तक औषधासारखे लागू पडले असावे. म्हणूनच त्याच्या मौनाला खोटेपणा म्हणणे मला योग्य वाटत नाही. ते दुखऱ्या जागेवरून हात न फिरवण्यासारखे आहे. परंतु ती दुखरी जागा वाचकाची होती तशीच बेटाचीही होती, आणि दिलासा मात्र एकालाच मिळाला.

समारोप : दगड झालेले जहाज

कॉर्फू म्हणजे होमरच्या 'ओडिसी' तील फिएशियन लोकांचे बेट, अशी प्राचीन परंपरा आहे. वादळातून वाचलेला ओडिसिअस तेथे पोहोचतो. राजकन्या नॉसिका त्याला आसरा देते, राजा अल्किनूस त्याचे आतिथ्य करतो आणि तो आपल्या प्रवासाची कथा सांगतो. यजमान त्याला जहाजातून घरी पोहोचवतात. पाहुणा झोपेतच मायभूमीला लागतो. परंतु होमर येथे थांबत नाही. परतणाऱ्या त्या जहाजाला समुद्रदेव पोसायडन बंदराच्या तोंडाशीच दगड बनवतो, आणि यापुढे परक्यांना पोहोचवायचे नाही असे अल्किनूस ठरवतो. आतिथ्याची किंमत यजमान मोजतो, हे त्या आदिकवीने लपवलेले नाही. कॉर्फूजवळील पोंटिकोनिसी हे लहानसे बेट म्हणजे तेच जहाज, असे लोक सांगतात.

या बेटाजवळच हालिकिओपूलू नावाची खाडी आहे. तिच्या काठची, व्हेनिसच्या अमलातील जुन्या मिठागरांनी आखलेली शेते जेरीच्या भटकंतीची आवडती जागा होती. बुद्धिबळाच्या पटासारख्या त्या शेतांतच त्याने पाणसाप आणि कासवे धुंडाळली. आज त्याच खाडीत कॉर्फूच्या विमानतळाची धावपट्टी आहे. उन्हाळ्यात सुट्टीवर येणाऱ्यांची विमाने दगडी जहाजाच्या अगदी जवळून खाली उतरतात. त्यांतील कित्येकांच्या सामानात जेराल्ड डरेल यांचे पुस्तक असते. २०१६ ते २०१९ या काळात दूरचित्रवाणीवर आलेल्या 'द डरेल्स' या मालिकेने या ओढीत भरच घातली.

जेराल्ड यांनी पुढे १९५९ मध्ये जर्सी बेटावर प्राणिसंग्रहालय सुरू केले आणि दुर्मीळ होत चाललेल्या प्रजाती वाचवण्याला उर्वरित आयुष्य वाहिले. कॉर्फूचे ऋण त्यांनी फेडले, पण ते प्राण्यांचे. माणसांचे ऋण पुस्तकात प्रेमाच्या रूपाने नोंदले गेले, हिशेबाच्या रूपाने नाही.

या चर्चेतून पुढील निष्कर्ष काढता येतात. 'माय फॅमिली अँड अदर ॲनिमल्स' मधील उन्हाळा हे जाणीवपूर्वक घडवलेले कथनरूप आहे. त्याचा निर्धास्तपणा कालक्रम, इतिहास आणि यजमानांचे श्रम यांच्या वगळण्यावर उभा आहे. बालनिवेदकाची निवड हे वगळणे नैसर्गिक भासवते. तथापि निसर्गनिरीक्षणाच्या अंगाने हीच कृती खऱ्या लक्ष देण्याचा एक वस्तुपाठ घालून देते. या पुस्तकाकडून आपण जे शिकतो तेच त्याच्यावर लावून पाहणे, हे त्याचे सर्वांत न्याय्य वाचन ठरेल. थिओडोर स्टेफानिडीस यांनी शिकवले तसे गुडघे टेकून, जपून झाकण उचलावे आणि आत कोण राहत होते ते पाहावे. असे पाहिल्याने पुस्तकातील ऊन कमी होत नाही. ते कोणाच्या अंगणात पडले होते, एवढे मात्र कळते.